गॅसवाल्यांचा पट्टा

पोर्तोच्या या चढावर, औषधाच्या दुकानासमोर,
सात ते दहा मी उभा. नगरपालिकेचा मोजणीदार.
पायी: एक खूण. सायकल: एक खूण.
स्कूटरवाली पोरं अशी जातात
की खूण करेपर्यंत त्यांचा नुसता वारा उरतो.

सगळा रस्ता ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा.
पणज्यांनी बसवलेले, म्हणून हात लावायचा नाही.
फोटोत देखणे.
सायकलवर मात्र दातावर दात,
आणि पिशवीतली अंडी घरी पोचेपर्यंत विचार बदलतात.

मागच्या वर्षी गॅसवाल्यांनी रस्ता खणला,
चिरे परत बसवायचा कंटाळा केला.
चाळीस पावलं लांब, दोन हात रुंद,
डांबराचा काळा पट्टा. कुरूप. पेपरात तक्रारी.

तेव्हापासून एलेउतेरिओ आजोबा काठी टेकत
बरोब्बर त्याच्यावरूनच जातात.
बाबागाडीतलं पोर पट्ट्यावर झोपतं,
पट्टा संपला की जागं होतं.
आणि इदालीना, वय एकसष्ट,
रात्रभर कचेऱ्यांच्या फरश्या पुसून
नातीच्या इलेक्ट्रिक सायकलवर, मनगटाला क्रेपची पट्टी,
सरळ गल्ली सोडून वळसा घालून इथे येते.

हाच रस्ता का? मी पर्याय वाचले.
वेळ वाचतो? सात मिनिटं जास्तच लागतात.
पर्यावरण? ती हसली:
'त्या खात्याची फरशी पण मीच पुसते.'
सुरक्षित वाटतं?
'मरायची भीती नाही रे. दुखायची आहे.'

मग एक पाय जमिनीवर टेकून म्हणाली,
'इथे हात हँडलवर नुसते ठेवलेले असतात.
धरावे लागत नाहीत.
लिही.'

रकाना नव्हता.
'इतर'वर खूण केली, पुढे लिहिलं: हात.
वरून फोन आला, हात म्हणजे काय?
मी म्हणालो, साहेब, तुमच्या खुर्चीला आहेत ना, तसे.
म्हणालो नाही. मनात.

मे महिन्यात वारसा समितीचं पत्र आलं.
गवंडी आले, गुडघ्याखाली जाड स्पंज घेऊन,
एकेक चिरा ठोकून ठोकून
पणज्यांच्या रांगेत बसवला.
काम सुरेख झालं, खोटं का बोला.

तीन दिवस इदालीनाची खूण नाही.
चौथ्या दिवशी बसच्या खिडकीत दिसली,
हात मांडीवर, डोळे मिटलेले.

माझं पेन उचललं गेलं होतं.
पण बसमधले मोजायचं काम
दुसऱ्या माणसाकडे आहे.