कांडीवर नाव

अशोक चौकाच्या मागं, अर्ध्या शटरचं दुकान.
मशीन हप्त्यावर, पंखा तेवढा माझा.
बाहेर बेचाळीस; आत नळी तापू नये म्हणून
बादलीतल्या पाण्यात बर्फाचे खडे.
कुल्फीवाल्याचं आणि माझं रोजचं खातं.

सपाट कामं सोपी: नेमप्लेट, मोमेंटो,
सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम.
गोल वस्तू आली की जाळी काढून रोटरी ठेवायची,
एका मोटरची पिन उपटून तिच्यात खुपसायची.
मशीनला वाटत राहतं आपण पुढं-मागं चाललोय,
आणि खाली पेन नुसता कूस बदलत असतो.
उजेड जागच्या जागी. फिरायचं ते वस्तूनं.

इरय्या कोंगारी दुपारी आले.
रुमालात कांडी, लाकडाची, टोकाकडं निमुळती,
तेल पिऊन काळी झालेली.
"हिच्यावर बालमणी लिही."
कोण, असं विचारलं नाही.
"कुठल्या भाषेत?" विचारलं.
ऐकू गेलं नाही. मग ओरडून विचारलं.
चाळीस वर्षं मागावर; कान तिथंच ठेवून आलेले.
"तेलुगूत. मराठीत तिला रेशनवाला हाक मारायचा."

मला बोलता येतं, लिहिता येत नाही.
बिलाच्या पाठीवर त्यांनीच काढून दिलं.
अक्षरं मुळातच गोल,
वळणावर बसायची त्यांना सवयच असावी.

कॅलिपर लावला: एकवीस पूर्णांक चार.
गुणिले तीन पूर्णांक चौदा. सदुसष्ट मिलिमीटर.
म्हाताऱ्यानं खिशातून दोरा काढला,
नाव जिथं यायचं नेमका तिथं एक वेढा दिला,
नखानं खूण, पट्टीवर ताणला.
"पासष्ट हाय की."
मी जाड बुडाशी मोजलं होतं.
दोन मिलिमीटरनं नाव
स्वतःच्याच शेपटीवर पाय देणार होतं.

चकाच्या तीन जबड्यांत बूड धरलं,
टोकाखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली,
वरची कड आडवी होईपर्यंत.
त्यांनी तो दोरा नावाच्या शेजारी बांधला,
गाठ बरोबर सुरुवातीवर.
"काढू नको," म्हणाले. का, ते नाही.

पहिलं अक्षर जळालं.
धुरात लाकूड होतं, मग मशीनचं तेल,
मग खळीचा आंबूस वास, इतक्या वर्षांचा.
म्हातारा चष्म्याआड डोळे मिटून
नाक पुढं करून उभा.
"विड्या वळायची. रोज हजार.
कांडी माझी, विडी तिची.
घरात सपाट काय, तर भाकरी.
तीपन गोल."

बा झालं. ल झालं. म झालं.
शेवटच्या अक्षराच्या पोटात
लाईट गेली.

पंचवीस मिनिटं आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतला.
मोटरची पकड सुटलेली,
माझा हात लागून कांडी अलगद फिरली,
आणि लाईट आल्यावर मशीनला
शून्य कुठं होतं ते आठवेना.
गाठ आठवत होती.
ती वर आणली, तिथून मोजत गेले,
आधीची तीन वगळून चौथं सोडलं.

तरी केसभर चुकलंच.
शेवटचं अक्षर दोनदा उमटलं,
एकामागं एक उभं.

"दुसरी कांडी आणा, फुकट करून देते."
ऐकू गेलं नाही.
अंगठा नावावरून फिरला, शेवटाशी अडला,
मागं गेला, पुन्हा आला.
"बरोबर केलीस," म्हणाले,
"मला सगळं दोनदाच सांगायला लागायचं तिला."

"किती झाले?"
"साठ."
"आँ?"
"साठ!"

दोरा इथंच राहिला, रोटरीच्या कडीला बांधून ठेवलाय.
उद्या शाळेच्या शंभर बाटल्या यायच्यात,
स्टीलच्या,
गळ्याकडं निमुळत्या.