कायी

मारेगावला, बसस्टँडच्या मागं,
दहा बाय बाराच्या दुकानात
आठ शाया आहेत माझ्याकडे.
चौघी रंगीत, चौघी काळ्याच्या घरातल्या.

गिरजाबाई किनाके स्टुलावर.
पदराच्या गाठीतून निघाला
पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा फोटो:
तिची बहीण, कौतिका.
आधी दोनदा मोठा करून घेतलेला,
एकदा वणीला, एकदा पांढरकवड्याला.
दोघांनीही न सांगता गोरी केली,
हनुवटीवरचं गोंदण
डाग समजून पुसलं.
"माही बहीन कायी होती, बाप्पा.
हे कोन व्हय?"

पहिली प्रिंट सगळ्या शाया घालून.
दारात ठीक. ट्यूबलाइटखाली मात्र
कौतिका हिरवट, हिवतापातून उठल्यासारखी.
निळी, पिवळी, गुलाबी मिळून
काळ्याचं सोंग घेतात,
उजेड बदलला की ज्या-त्या
आपापल्या माहेरी.

दुसरी फक्त काळ्यांची, चकचकीत कागदावर.
खोल उतरली.
पण जरा तिरपी धरली
तर कपाळावर तांब्यासारखी साय,
आणि गालात
बाहेर लावलेली माझी मोटारसायकल.

गिरजाबाई काही म्हणत नाही.
चहा बशीत ओतते.

मग ते पाकीट काढलं
जे लग्नाच्या गिऱ्हाइकाला मी दाखवत नाही.
कापसाचा कागद.
आगबोटीनं येतो, तावाला दोनशे नव्वद,
आणि इथं जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचा कापूस
रोज माझ्या शटरला चिकटतो.
असो.
रंग, नीळ न दिलेल्या धोतराचा.
चमक नाही. हात फिरवला तर
बोटांना जरा अडवतो.
याला मॅट काळी लागते. ती बदलताना
मशीन अर्धी वाटी शाई पिऊन टाकते,
तेवढ्यात मी देवाचं नाव घेतो, कंपनीचंही.

चार पट्ट्या काढल्या, एकीहून एक गडद.
पहिलीवर ती मान हलवते.
दुसरीवर, "अजून."
चौथीत केस, गाल, मागची भिंत
सगळं एकच झालं,
रात्री लाइट गेल्यासारखं.
"इतकी नोको."

तिसरी पट्टी घेऊन ती दारात गेली.
उन्हात धरली, सावलीत धरली,
परत येऊन ट्यूबखाली.
नांगरून दोन दिवस झालेल्या मातीसारखा गाल.
केस, राजूरच्या ओल्या कोळशासारखे.
आणि हनुवटीवर, काळ्यात काळे,
शोधले तरच सापडतील असे
पाच ठिपके.

तिनं बोटानं मोजले, कागदाला न लावता.
मग तेच बोट
स्वतःच्या हनुवटीवर.
सुई एकाच बाईची होती.

अख्खा ताव छापायला एकवीस मिनिटं.
मी म्हटलं, रात्रभर वाळू द्या,
उद्या न्या.
"दोनदा तिकिटाले पैसे कायले?"
म्हणाली,
आणि स्टूल मशीनजवळ ओढून
बसून राहिली.