बॅटरीच्या खाली, कॅमेऱ्याच्या वर

नवी पेठेत इरेशच्या दुकानातून हा लॅपटॉप घेतला तेव्हा
मी चार्जर बघितला, पुसट झालेला एन बघितला,
झाकण दोनदा उघडून मिटून बिजागरी बघितली,
मागचा कुठल्याशा पुण्याच्या कंपनीचा
अर्धवट खरवडलेला नंबरही बघितला.
ब्लूटूथ आहे का, एवढं विचारायचं राहिलं.
साडेअकरा हजार. बिल नाही.
"सगळं हाय की यात, ताई."

आता साडेनऊ. साखर पेठ.
पत्र्यातून दिवसभराचं ऊन अजून खाली गळतंय.
नायनांच्या दोन्ही कानांत नवी यंत्रं,
डावं निळ्या ठिपक्याचं, उजवं लाल.
डॉक्टर म्हणाले होते, लॅपटॉपला जोडून टाका,
आवाज हवेतून सरळ कानात.
दहाला हैदराबादेहून शैलू बोलणार आहे, बाळासकट.

विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबते.
डिव्हाइस मॅनेजर.
यादी उघडते, हजेरीसारखी, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं:
ऑडिओ, हजर.
बॅटरी, हजर.
आणि एकदम कॅमेरा.

मध्ये कुणीच नाही.
लपलेलं दाखव म्हटलं तर फिकट नावं वर येतात,
कुणाचा तरी प्रिंटर, कुणाचा तरी जुना माउस,
कधी इथे जोडले गेले आणि मग उठून गेले ते.
वायफाय आहे. त्याच्या नावापुढे काही नाही.
मॉडेल नंबर शोधते. कंपनी लिहिते: ब्लूटूथ, ऐच्छिक.
म्हणजे पुण्यात कुणीतरी शे-दोनशे नग घेताना
माणशी काही रुपये वाचवले
आणि ते आज आमच्या घरी कमी पडले.

"एमैंदी?" नायना विचारतात.
नाहीये म्हणते.
ते पडद्याकडे बघतच नाहीत, माझ्या ओठांकडे बघतात.

चौतीस वर्षं असंच ऐकलंय त्यांनी.
शेडमध्ये चाळीस माग एकदम चालायचे,
कान तिथे नुसते टोपी अडकवायला.
चार मागांपलीकडे अम्मा कांड्या भरायची.
नायना ओठ हलवायचे, आवाज न काढता.
अम्मा दोन बोटं वर करायची: दोनच भाकऱ्या उरल्यात.
हनुवटी डावीकडे: मुकादम येतोय.
तळहात उपडा: घरी बोलू.
मी डबा घेऊन दारात उभी राहायचे,
भुवयांवर टॉवेलचा पांढरा भुसा बसेपर्यंत,
आणि बघायचे, एवढ्या धडधडीतून
एकही शब्द न सांडता कसा पलीकडे जातो.
भांडणसुद्धा करायची दोघं. मुकाट्यानं.
एकदा अम्मा तिकडे तोंड फिरवून बसली
तर नायनांना अख्खी पाळी काहीच कळेना.

उद्या डोंगल आणायचा, साडेतीनशेचा, शेंगदाण्याएवढा.
इरेशला दोन शब्द ऐकवायचे. तीन.

दहा वाजले. शैलू आली.
लॅपटॉपचा आवाज वाढवला तशी यंत्रं शिट्टी मारायला लागली.
नायनांनी ती काढली
आणि चटणीच्या बरणीशेजारी ठेवली, जोडीनं.
मी आवाज बंद केला.

शैलू आधी बोलतच राहिली.
मग थांबली. बघितलं तिनं.
मग नुसते ओठ हलवले, सावकाश,
चित्र अडकायचं तेव्हा तेही अडकायचे, पुन्हा सुटायचे.
नायनांनी दोन बोटं वर केली. ती हसली.
काय म्हणाले असतील? आम्ही तर जेवलो होतो.

तिनं बाळाचं तोंड कॅमेऱ्यापुढे धरलं.
एक दात नाही, नुसती लाळ आणि हालणारे ओठ.

"तात म्हणाला," नायना म्हणाले, मोठ्यानं,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्यानं, शेजारच्या घरात जाईल एवढं,
"ऐकलंस? स्पष्ट तात म्हणाला."

ऐकलं, म्हटलं मी.