आवंढा

गुरुवारी, मातोझिन्योशच्या बंबखान्यावरच्या खोलीत
आम्ही नऊ जण जमतो.
गळे नऊ, स्वरयंत्र एकही नाही.
रुमालाआड प्रत्येकाचं बटणाएवढं छिद्र,
श्वास तिथूनच येतो-जातो.
नाक आता फक्त चष्म्यापुरतं.

मी इलिदिओ. धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारायचो,
उतरता लिलाव: शंभर, अठ्ठ्याण्णव, शहाण्णव,
कुणीतरी हात वर करेपर्यंत खाली खाली.
तेवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले आकडे
तेही उतरतेच होते.
मी मोजत राहिलो. शून्य झालं, तरी गिऱ्हाईक नाही.
मग लाजत लाजत वर मोजायला लागलो.

आवाज मला आबिलिओने दिला.
जहाजं रंगवायचा, हात कायम निळे.
म्हणाला, रडू आवरताना आवंढा गिळतोस ना?
तसाच गिळ. पण पोटापर्यंत जाऊ देऊ नकोस,
अर्ध्या वाटेवरून परत बोलाव
आणि येताना त्याच्या हाती एक शब्द दे.
सात आठवडे नुसते ढेकर.
बायको दार लावून हसायची,
मग दार लावून रडायची.

आबिलिओला जाऊन चौदा वर्षं झाली.
त्याच्यामागून रिकाम्या झालेल्या खुर्च्या मोजणं मी सोडलं.
मीच का उरलो, हा प्रश्न
पहाटे चारला बोटींसारखा धक्क्याला लागायचा, भरलेला.
उत्तर नाही. खोलीची किल्ली मात्र माझ्याकडे आहे,
आणि बिस्किटांचा डबा.

मार्चमध्ये सुल्मिरा आली. एक्केचाळिशीची, बस चालवायची.
पाटीवर लिहिलं: हा आवाज बेडकाचा आहे.
त्याखाली: माझा नाही.
म्हटलं, माझाही नव्हता. आबिलिओचा होता.
त्याला कुणी दिला, विचारायचं राहून गेलं.
ती हसली नाही.
पण पुढच्या गुरुवारी खडू विसरून आली.

पहिला शब्द आम्ही सगळ्यांना एकच देतो: पाव.
ओठ मिटून उघडले की अर्धं काम झालं.
पाव, पाव, पाव.
ऐकणाऱ्याला वाटावं, देवाला आळवतायत.
भाकरीच मागत असतो.

जूनमध्ये एकदा तिच्या 'प'च्या आधी
एक छोटा थांबा आला,
ब्रश डब्यात बुडवताना माणूस थांबतो तसा.
मी तो थांबा ओळखला.
ती त्याला कधी भेटली नव्हती.
मी उगाच खिडकी उघडायला उठलो.

गेल्या गुरुवारी ती एकटी बेकरीत गेली.
मागे रांग. आवंढा गिळला,
म्हणाली: पाव.
पोऱ्याने मान वर न करता विचारलं, किती?
हे आमच्यातल्या कुणाला सुचलंच नव्हतं!
घरात माणसं सहा. पण 'स' अजून झालेला नाही,
वाऱ्यासारखा निसटतो.
'दोन' येत होतं. दोन म्हणाली.
बोटं दाखवायला तिने साफ नकार दिला.

ते दोन पाव घेऊन ती घरी गेली नाही,
जिना चढून इथेच आली.
नऊ जणांत दोन पाव,
हिशेब तुम्ही करा. लोणी नव्हतं.
बराच वेळ कुणी बोललं नाही;
तोंडात घास असताना आम्हाला बोलता येत नाही,
अगदी खरोखरच.

पुढच्या गुरुवारी 'स'.