दूत (प्रवेश एकच)

सेलूच्या वाचनालयात परदेशी पुस्तकांचं एक खोकं आलं,
कुणाच्या तरी मुलानं अमेरिकेतलं घर आवरताना पाठवलेलं.
त्यातली एक कादंबरी
डिक्शनरी मांडीवर घेऊन मी दिवाळीपासून वाचायलेय.

मूळ नाटक जुनं. अडीच हजार वर्षांचं, म्हणे.
राणी, शाप, समुद्र, तीन प्रेतं.
लेखिकेनं समुद्र काढून टाकला,
मैलोगणती सोयाबीन पेरलं तिथं.
राजवाड्याचा पेट्रोलपंप केला,
राणीला दिला गल्ला आणि पाठदुखी.
शाप मात्र तसाच ठेवला,
फक्त त्याला आता दवाखान्याचा रिपोर्ट म्हणतात.

हे पटलं मला.
सोयाबीन काय, आपल्याकडंही आहे.
पण मी अडकले ड्वेनपाशी.

नाटकात त्याला नावसुद्धा नाही. नुसता 'दूत'.
शेवटच्या अंकात धापा टाकत येतो,
कुणी पाहिलं नाही ते सांगतो
आणि जातो.
कुठं जातो, कुणी विचारत नाही.
ह्या बाईनं विचारलं.
चारशे पानं विचारलं.

माझा बाप लिंबाजी तार वाटायचा.
खाकी कपडे, सायकल, खांद्याला चामड्याची पिशवी.
तो गल्लीत वळला की बाया आधीच रडायच्या,
मग तारेत पोरगा झाल्याची खबर का असेना.
आणि दसऱ्याला, मोंढ्यातल्या मंडपात,
मंडळाच्या नाटकात सतरा वर्षं तोच दूत.
"चेहरा आयताच आहे तुझा," मास्तर म्हणायचे.
वाक्यं दोन:
महाराज, घात झाला.
युवराज राहिले नाहीत.
तेवढ्यासाठी अडीच तास विंगेत उभा,
हातात भाला, गालात तंबाखू.
समोर राजा हसायलाय, पोराचं लगीन ठरवायलाय
आणि ह्याला सगळं ठाऊक.

एका वर्षी तो स्टेजवर गेलाच नाही.
राजा तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणला,
पब्लिकनं शिट्ट्या मारल्या,
मास्तरांनी पडदा पाडला.
वाटेत आईनं विचारलं, काय झालतं हो?
"काही नाही. म्हटलं, एक रात तरी
हसू द्यावं की माणसाला."
पुढच्या वर्षी भाला न्हाव्याच्या गोरोबाकडं.

तीनशे बाराव्या पानावर ड्वेन
पंपासमोर ट्रक हळू करतो.
आत दिवा आहे. बाई चिल्लर मोजत
काहीतरी गुणगुणतीय.
तो वळायचा दिवा लावतो,
आणि सरळ पुढं निघून जातो.
दिवा तसाच टिकटिकत राहतो, बारा मैल.

पुढची पानं राहिलीत अजून.
नाटक जुनं आहे, शेवट मला माहीत आहे.
पंपावरच्या बाईला नाही.

पुस्तकाची मुदत परवा संपतीय.
चारठाणकर सरांना म्हटलं,
आणखी पंधरा दिवस वाढवून द्या.
"आवडलं वाटतं," म्हणाले,
आणि शिक्का मारला.