गंजाची कृती

आप्पा बळवंत चौकातून दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा आणला,
नारायण पेठेतल्या लेझरवाल्याकडे दिला.
त्याने तासाभरात कापून दिल्या
बारा किल्ल्या, नऊ दातेरी चक्रं,
घड्याळाची एक तबकडी, काटे वेगळे,
आणि चार कोपरे, जुन्या पेटीला असतात तसे.
कडांना जळकट वास. पिशवी इतकी हलकी
की रिक्षात दोनदा हात घालून पाहिलं, आहे ना.

ऑर्डर बाणेरची. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं,
अल्बम हवा, एकदम अँटिक.
फोटो मात्र सगळे मोबाइलमधले.
म्हटलं, होईल.

आधी काळा रंग, दोन हात.
पुठ्ठा पाणी पितो, घाई केली
की पापडासारखा वळतो.
मग तांबं. बोटानेच, ब्रशने नाही.
ब्रश सगळीकडे जातो,
बोट फक्त उंचवट्यांना लागतं,
जिथे वर्षानुवर्षं हात फिरून धातू उजळला असता
तिथेच.
खाचांतलं काळं तसंच राहू द्यायचं.
स्पंजच्या तुकड्याने थोडा हिरवा,
पितळेच्या भांड्यात ताक राहून कळकतं, तो हिरवा.

शेवटी गंज.
गंजाला मी दालचिनी वापरते.
चमचाभर पूड, तपकिरी रंग, चिमूटभर बारीक रवा.
ओलं असतानाच थापायचं. वाळलं की खपली धरतं,
गच्चीत विसरलेल्या सायकलीसारखी.

घरभर वास सुटला.
समोरच्या रणपिसेबाईंनी दारातूनच विचारलं, बिर्याणी का?
बाबांनी काही विचारलं नाही.
भोसरीत एकतीस वर्षं काढली त्यांनी क्रोमच्या कारखान्यात,
आधी टाकीवर, मग तपासणीला.
नाकाच्या पडद्याला भोक आहे.
डॉक्टरने बॅटरी मारून मलाही दाखवलं होतं,
पलीकडचा उजेड अलीकडे.
आमटी करपली तरी ते पेपर वाचत बसतात.

टेबलापाशी आले. चष्मा कपाळावर सारला.
एक किल्ली उचलून ट्यूबलाइटखाली तिरपी धरली,
हजारो नळ आणि बंपर धरले असतील तशी.
"इथे डाग आहे."
डागच पाडलाय.
"कडेला सोललंय पण."
सोललंय मीच, बाबा.
"आणि याचे पैसे देतात?"
एका किल्लीचे साठ.
तोंडातल्या तोंडात त्यांनी कसलासा हिशेब केला,
खुर्ची ओढली, आणि कुणी सांगितलं नसताना
दोन ढीग करायला लागले.

उजवीकडे पास, डावीकडे रिजेक्ट.
पासमध्ये तीनच किल्ल्या गेल्या,
सकाळी नुसतं तांबं लावून मी बाजूला ठेवलेल्या,
अजून जुन्या व्हायच्या राहिलेल्या.
डावीकडचा ढीग मी टिश्यूत गुंडाळला,
बाणेरच्या खोक्यात एकेक रचला.
ते बघत होते. बोलले नाहीत.
मग पासमधली एक किल्ली तळहातावर उडवून झेलली,
"वजन नाही पण," एवढंच,
आणि जाताना ती दारामागच्या खिळ्याला अडकवली,
कपाटाच्या, गच्चीच्या, मीटरच्या किल्ल्यांत.

सोमवारी कुरिअरवाला खाली हॉर्न वाजवत होता,
जिन्याच्या ग्रिलला कुलूप.
खोकं काखेत, हाताला आली ती किल्ली ओढली,
कुलपात घातली, फिरवली.
फिरली नाही. वाकली,
आणि मोडली.
तांब्याखालून करडा पुठ्ठा दिसला, पदर सुटलेला.
अर्धी किल्ली कुलपात, अर्धी माझ्या चिमटीत,
खाली हॉर्न.

आतून बाबांचा आवाज,
"रिजेक्ट ना?"