पासष्ट पौंडांत

गव्हात कबुतरांची विष्ठा सापडली
आणि गिरणीवाल्यानं अख्खा ट्रक परत धाडला.
एकोणतीस टन, फेनच्या सपाट रस्त्यावरून
जसे गेले तसे आले.
त्या रात्री हिशेबाच्या वहीत मी नवं पान उघडलं:
बंदूक. हवेची. पहिलीच.
पुढे लिहिलं, ऐंशी पौंड. वर एक पेनी नाही.

होल्बीचच्या दुकानात ऑस्विन पिंचबेक,
चष्मा कपाळावर, बोटांना तेलाचा वास.
म्हणाला, "भरलेल्या हवेची बघूसुद्धा नकोस,
तिचा पंपच तुझे ऐंशी गिळून ढेकर देईल.
स्प्रिंगची घे. नळी दुमडायची, छर्रा घालायचा, मिटायची.
एका वेळी एकच.
चुकलीस तर विचाराला सवड मिळते,
स्वस्त बंदुकीचा हा एवढाच फायदा."

फळीवर दोन ठेवल्या.
एक कोरी, काळी, खोक्यावर गरुड,
दुर्बीण फुकट, आणि फुकटाइतकीच स्थिर.
दुसरी जुनी. बीचचा दस्ता,
त्यावर कुणी पोरानं चाकूनं कोरलेलं आर. टी.,
आर नीट, टी घाईत.
कोण होता हा? पिंचबेकला आठवेना.
पासष्ट, म्हणाला. उरलेल्या पंधरात
दोन-तीन जातींचे छर्रे ने,
कुठला आवडतो ते नळीच सांगेल.
"आणि घट्ट आवळू नकोस, रुसते ती.
दुसऱ्याचं झोपलेलं मूल घेतात तशी
तळहातावर नुसती राहू दे."

परवाना नको, पण नियम आहेत, ते वाच, असंही म्हणाला.
आणि मी दाराशी पोचल्यावर:
"हेटी, शेडच्या दाराला जाळी लावलीस का गं?"
घंटी वाजली दाराची.
मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

तीन आठवडे घेवड्याचे रिकामे डबे,
मग कागदावर नाण्याएवढं वर्तुळ.
चपटे छर्रे भरकटायचे, गोल डोक्याचे जायचे
सांगितलेल्या घरी.
वीस पावलांवर पाचातले पाच.
पंचवीसवर तीन. म्हणजे माझी हद्द वीस,
तिच्यापलीकडचं कबूतर त्याच्या आईचं.
मुलगा, लीलंड, ट्रॅक्टरवरून ओरडला,
"डबे शरण आले की सांग!"

शेडमध्ये मात्र कागद नसतो.
तुळईवर तो बसला होता, छाती फुगवून,
सगळं गाव आपलंच असल्यासारखा घुमत.
शेजारच्या पेटीत पांढरं घुबड झोपलेलं,
त्याला धक्का नको म्हणून मी बाजूला सरकले,
श्वास सोडला, आणि बंदूक आवळली. हो, आवळलीच.
फट्.
छपरातला जुना उजेडाचा पत्रा तडकला.
कबूतर उडून ट्रॅक्टरच्या सीटवर बसलं
आणि तिथेही घाण केली.

पत्रा बदलायचे एकशे चाळीस सांगितले कारागिरानं.
बंदुकीच्या दुपटीहून दहा जास्त.
वहीत लिहिताना पेन नीट चालेना.

चौथ्या दिवशी लागला नेम.
पंख न फडकवता खाली आला तो, धान्यावर,
मऊ आवाजात, ओला हातमोजा पडावा तसा.
मानेवर हिरवा आणि जांभळा, दोन्ही अजून चालू.
मी उभी राहिले. आनंद झाला नाही,
वाईटही फारसं नाही; हात तेवढे गार पडले.
मग गळ्याची पिशवी कापून बघितली.
शेहेचाळीस दाणे. माझेच.
आख्खे, कोरडे, गिरणीनं नाकारलेल्या गव्हातले.
त्याला चालले होते.

आता दुपारी त्या भोकातून उजेडाचा एक ठिपका
ढिगावरून सरकत जातो,
आणि पाऊस असला तर त्याच जागी थेंब.
खाली बादली ठेवलीय.
जाळीचे बावीस पौंड झाले. काल लावली, लीलंडनं धरली, मी ठोकली;
वर घुबडापुरती फट ठेवली.
बंदूक कुलपात आहे, तेल लावून.

वहीच्या त्या पानावर, खर्चाच्या खाली,
जमेच्या बाजूला एकच ओळ:
गहू, दाणे शेहेचाळीस.